फळ गावचं, भांडवल कुणाचं?

मे महिन्याची अखेर आली की आमचं खळं रातांब्यांनी लाल व्हायचं. काकी पहाटेच विळीवर बसायची. साल एका टोपलीत, बिया आणि गर दुसऱ्या पातेल्यात. गराच्या रसात मीठ घालायचं, त्यात साली बुडवायच्या, दिवसभर उन्हात पसरायच्या आणि संध्याकाळी पुन्हा त्याच रसात टाकायच्या. असं पुटावर पुट चढत पाच-सात दिवस गेले की साल काळीभोर आणि मऊ व्हायची. दुकानात तिला आमसूल म्हणतात, आम्ही सोलं म्हणायचो. उरलेल्या रसाचं आगळ व्हायचं, बिया वाळवून त्यांचं मुठेल निघायचं, आणि तेच पावसाळ्यात टाचांच्या भेगांना लागायचं. महिनाभर काकीच्या बोटांचा लाल रंग जात नसे. या सगळ्या दिवसांत तिची नजर मात्र आभाळाकडे लागलेली असायची, कारण वळवाची एक सर आली तरी आठवड्याच्या मेहनतीला बुरशी लागायची.

जूनच्या पहिल्या आठवड्यात व्यापारी दारात यायचा. काटा त्याचा आणि दरही त्याचाच. "वयनी, औंदा सगळीकडेच माल जास्त आसा," हे त्याचं दरवर्षीचं वाक्य. काकी थोडी घासाघीस करायची आणि शेवटी म्हणायची, "घाल बाबा काट्यार." शाळा उघडायच्या असायच्या, भाताचं बियाणं आणायचं असायचं, पावसाची बेगमी व्हायची असायची. पुढे डिसेंबरात मी मुंबईला आलो की दादरच्या वाणसामानाच्या दुकानात तीच सोलं पाकिटात बांधलेली दिसायची. दर कितीतरी पट असायचा.

पुष्कळ वर्षं मला वाटत होतं की हा सगळा फरक व्यापाऱ्याच्या लबाडीचा आहे. मग बँकेच्या ग्रामीण शाखांत कर्जविभाग सांभाळला, फळप्रक्रिया करणाऱ्या छोट्या-मोठ्या युनिट्सची हिशेबाची पानं चाळली, तेव्हा हळूहळू वेगळंच उमगलं. काकीच्या हातात कसब होतं, माल होता आणि मालाला मागणीही होती. तिच्याकडे थांबण्याची ऐपत तेवढी नव्हती. व्यापाऱ्याकडे ती होती. जूनमध्ये पैसे मोजून डिसेंबरपर्यंत माल धरून ठेवणं त्याला परवडत होतं आणि दरातल्या फरकाचा मोठा वाटा या थांबण्याचाच मोबदला होता.

स्थानिक फळप्रक्रिया आणि वितरण यांत गुंतवणूक करू पाहणाऱ्यांसाठी लिहिलेल्या या पुस्तकाचं सार सांगायचं तर ते एवढंच आहे. या धंद्यातलं भांडवल म्हणजे थांबण्याची ऐपत. यंत्रं, शेड, परवाने, लेबलं सगळं लागतं, पण ते सगळं असूनही युनिट बुडतात, आणि बहुतेक वेळा ती माल धरून ठेवता न आल्यामुळे बुडतात. पुढची सगळी प्रकरणं या एका गोष्टीभोवती फिरतात, म्हणून ती इथे नीट मांडतो.

पुस्तकात उदाहरणं महाराष्ट्रभरची असली तरी या प्रस्तावनेपुरता मी कोकणातच राहणार आहे. तो मुलूख माझा आहे हे एक कारण. दुसरं असं की फळ भरपूर आणि भांडवल तुटपुंजं ही विसंगती इथे जितकी उघडी दिसते तितकी क्वचितच कुठे दिसत असेल. कोकणात पैसा आलाच नाही असं नाही. गिरणगावातून मनीऑर्डरी येत होत्या, पुढे बँकांतून ड्राफ्ट आले, आता मोबाइलवरून पैसे येतात. चाकरमान्याने गावाला पैसा पाठवला तो घराच्या कौलांसाठी, लग्नासाठी, देवळाच्या जीर्णोद्धारासाठी, गणपतीसाठी. त्यात वावगं काही नाही. पण तोच पैसा गावातल्या धंद्यात भागभांडवल म्हणून फार थोड्यांनी घातला. धंद्यासाठी मुंबईला जायचं आणि गावाला विश्रांतीसाठी यायचं, ही वाटणी आमच्या मनात पक्की बसली होती.

देशावर चित्र वेगळं होतं. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी 1950 च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा केला तेव्हा शेतकऱ्यांनी स्वतःच्या गाठीचे पैसे शेअर म्हणून दिले. ऊस उभा करणाराच कारखान्याचा मालक झाला. फळांच्या बाबतीत तसं सहज घडलं नाही, आणि त्याला कारणं आहेत. ऊस एका पट्ट्यात लागतो, कारखान्याचा हंगाम काही महिने चालतो, तोडणीचा दिवस मागेपुढे झाला तरी फार बिघडत नाही. हापूस डोंगरउतारावर विखुरलेला असतो. चौदा आणे तयार झालेलं फळ झेल्याने उतरवलं की पुढच्या आठ-दहा दिवसांत त्याचं काय ते ठरवावंच लागतं. प्रक्रियेला लागणाऱ्या आंब्याचा खरा भर जेमतेम सहा आठवड्यांचा असतो. त्या सहा आठवड्यांसाठी उभारलेलं युनिट उरलेलं वर्षभर काय करणार, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून दारात उभा असतो.

1990 मध्ये राज्य सरकारने रोजगार हमी योजनेला फळबाग लागवडीची जोड दिली आणि कोकणाचं रूप पालटलं. वरकस, कातळाच्या जमिनीत सुरुंग लावून खड्डे घेतले गेले, बाहेरून माती आणून भरली गेली, आंबा-काजूच्या कलमांनी टेकड्या झाकल्या. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने आणि वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने जाती दिल्या. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून आलेली 'रत्ना', काजूच्या 'वेंगुर्ला' मालिकेतल्या जाती, कोकमाची 'कोकण अमृता' ही त्यांतली काही नावं. लागवडीला अनुदान होतं, कलमं होती, सल्ला होता. झाडं फळाला आली तेव्हा त्या फळाचं पुढे काय करायचं, यासाठी मात्र त्या प्रमाणात भांडवल उभं राहिलं नाही. पिकवण्यात आम्ही एक पिढी पुढे गेलो आणि टिकवण्यात व विकण्यात मागे राहिलो.

आंब्याची वाट पाहा. मोसमाच्या सुरुवातीची पेटी वाशीच्या बाजारात जाते आणि तिचा दर वर्तमानपत्रात छापून येतो. लोकांच्या मनात आंब्याचा धंदा म्हणजे तो दर. बागायतदाराला त्याच्या हिशेबाची पट्टी नंतर मिळते आणि तीत हमाली, तोलाई, वाहतूक, अडत वजा झालेली असते. एप्रिलच्या शेवटी आवक वाढते, दर उतरतो. लहान फळ, डाग पडलेलं फळ, झाडावरच पिकू लागलेलं फळ पेटीत भरण्याजोगं राहत नाही. हे सगळं 'कॅनिंगला' जातं. डझनावर विकलं जाणारं फळ इथे किलोवर येतं. पाऊस आठ दिवसांवर आला की बागेतला उरलेला सगळा आंबा एकदम उतरतो आणि कॅनिंगचा दर बहुधा तेव्हाच सर्वांत खाली असतो.

अशा दिवसांत एखाद्या युनिटच्या फाटकाशी उभं राहावं. टेम्पोंची रांग लागलेली असते. क्रेट उतरतात, वजन होतं, मग फळं आढी घालून पिकवली जातात. पिकलेलं फळ धुऊन, देठ काढून, कापून बघितलं जातं, कारण हापूसच्या पोटात साका असतो. बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या फळाच्या कोयीजवळचा गर पांढरट, स्पंजासारखा आणि आंबूस निघतो. तो काढणाऱ्या बायकांचा हात सुरीवर इतका बसलेला असतो की फळ दोन भागांत उघडताक्षणी वाईट भाग बाजूला पडतो. त्यानंतर गर पल्परमधून जातो, केटलमध्ये तापतो, डब्यांत भरला जातो, सीमिंग मशीनवर झाकण बसतं आणि डबे उकळत्या पाण्यात उतरतात. तीन किलो शंभर ग्रॅमचा डबा हे या धंद्याचं माप. बाहेर वासाने माणूस दबून जातो, आत वाफेने चेहरे लाल झालेले असतात, आणि मालकाचं लक्ष सारखं मोबाइलवर असतं, कारण सकाळचा दर दुपारी राहीलच असं नाही.

आता हिशेब करू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, त्यांना बाजारभाव समजू नये. समजा, एका छोट्या युनिटने हंगामात 50 टन आंबा सरासरी 30 रुपये किलोने घेतला. फळाचेच 15 लाख रुपये झाले. साल, कोय आणि साका वजा जाता निम्मा रस मिळाला, म्हणजे 25 टन, म्हणजे सुमारे 8,000 डबे. रिकामे डबे, इंधन, मजुरी, वाहतूक यांचे आणखी 10 लाख धरा. सहा आठवड्यांत 25 लाख रुपये गेले आणि त्यांचं रूपांतर गोदामातल्या डब्यांत झालं. हे डबे वर्षभर सारख्या गतीने विकले गेले तरी सरासरी सहा महिने पैसा अडकून राहतो. 12 टक्के व्याज धरलं तर दीड लाख रुपये, म्हणजे डब्यामागे साधारण 19 रुपये, केवळ थांबण्याचा खर्च आहे. प्रकल्प अहवालात यंत्रांची किंमत पैशापर्यंत लिहिलेली असते. हे 19 रुपये बहुधा कुठेच लिहिलेले नसतात.

हे मी पुस्तकांतून शिकलो नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका जोडप्याच्या युनिटची फाइल माझ्या टेबलावर आली होती. दोघं कष्टाळू होती, स्वतःची बाग होती, रसाची प्रत उत्तम होती. यंत्रांसाठी मागितलेलं कर्ज मी पूर्ण मंजूर करायला सांगितलं. खेळत्या भांडवलाची मर्यादा मात्र मागितली होती त्याच्या निम्म्यावर आणली. यंत्र तारण राहतं, आंबा सडतो, असा माझा तेव्हाचा विचार. दुसऱ्या वर्षी 20 मेला त्यांची रोकड संपली. त्यानंतरच्या दहा दिवसांत आंबा सर्वांत स्वस्त झाला, पण फाटकाशी आलेले टेम्पो पुढच्या युनिटकडे वळले, कारण बागायतदाराला रोख पैसे हवे होते. ऑगस्टमध्ये हप्ता भरण्यासाठी त्या दोघांनी सगळे डबे एका व्यापाऱ्याला पडेल दराने देऊन टाकले. तिसऱ्या हंगामात युनिट उघडलं नाही. त्या फाइलवर माझी सही आहे. हे पुस्तक लिहिण्यामागे जी काही कारणं असतील त्यांत ती सही पहिली आहे.

वितरणाकडे वळलं की हीच गोष्ट दुसऱ्या रूपात भेटते. रस, सरबत, जॅम, आंबापोळी, फणसपोळी, आमसूल तयार झालं म्हणजे अर्धी वाट झाली. बाटली दुकानाच्या फळीवर पोचेपर्यंत वाहतूक आहे, वाटेत फुटलेल्या काचा आहेत, वितरकाचा वाटा आहे, दुकानदाराचा वाटा आहे. मुख्य म्हणजे उधारी आहे. दुकानदार माल आधी घेतो आणि विकला गेल्यावर पैसे देतो, मुदत संपलेला माल परत पाठवतो. नव्या उत्पादकाला हे नाकारता येत नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना खरेदीदाराने जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावेत असं 2006 चा कायदा सांगतो. उद्यम नोंदणी केलेली असेल तर त्याचा आधार घेता येतो. तरीही ज्याच्या जिवावर आपला माल फळीवर आहे, त्याला कायदा दाखवायला छोटा उत्पादक धजत नाही. म्हणून गुंतवणूक ठरवताना कारखान्याएवढाच पैसा बाजारात अडकणार हे धरून चालावं.

थेट विक्रीने यातून थोडी वाट निघते. फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून 2016 मध्ये मोकळा झाला. 2020 च्या टाळेबंदीत बागायतदारांनी पुण्या-मुंबईतल्या सोसायट्यांच्या फाटकापर्यंत पेट्या पोचवल्या आणि ग्राहकांची यादी प्रथमच त्यांच्या वहीत आली. महालक्ष्मी सरस, भीमथडी यांसारख्या प्रदर्शनांत बचत गटांच्या बायका स्वतः उभ्या राहून विकतात आणि पैसे रोख मिळतात. पण प्रदर्शन पंधरवड्यात संपतं. उरलेले महिने माल कोण नेणार आणि कुणाच्या पैशावर थांबणार, याचं उत्तर द्यावंच लागतं.

ही अडचण ओलांडून पुढे गेलेल्यांकडे म्हणूनच बारकाईने पाहायला हवं. किशोर व्होरा यांनी पाचगणीत 1959 मध्ये सुरू केलेला मॅप्रो हा स्ट्रॉबेरी आणि गुलाबाच्या भरवशावर वाढलेला उद्योग. पर्यटक दारात येतो हे त्याने ओळखलं आणि घाटावरची सहल हीच आपली बाजारपेठ केली. नागपूरच्या संत्रा उत्पादकांच्या संघटनेच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून 'नोगा' हे नाव आलं आणि पिढ्यान्‌पिढ्या ते घराघरांत राहिलं. 1991 मध्ये उभ्या राहिलेल्या महाग्रेप्सने द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्थांना एकत्र आणून परदेशची वाट दाखवली. आणि नाशिक जिल्ह्यात मोहाडीला विलास शिंदे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली सह्याद्री फार्म्स. द्राक्ष निर्यातीपासून सुरुवात करून ती टोमॅटो, आंबा आणि इतर फळांच्या प्रक्रियेपर्यंत गेली. 2022 मध्ये तिच्या उपकंपनीत युरोपातल्या चार संस्थांनी मिळून सुमारे 310 कोटी रुपये गुंतवले.

सह्याद्रीचं उदाहरण आकड्यापेक्षा रचनेसाठी समजून घेण्यासारखं आहे. कंपनी कायद्यात 2002 च्या दुरुस्तीने आलेल्या शेतकरी उत्पादक कंपनीत सभासद होण्याचा हक्क प्रत्यक्ष उत्पादकांनाच असतो. बाहेरच्या माणसाला तिचे शेअर घेता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे, नाहीतर मालकी शेतकऱ्याच्या हातातून कधी गेली ते कळणारही नाही. मग बाहेरचं भांडवल आणायचं कसं? त्यांनी प्रक्रिया आणि विक्रीसाठी वेगळी उपकंपनी केली, पैसा तिथे घेतला आणि वरची मूळ कंपनी शेतकऱ्यांचीच ठेवली. गावातला एखादा लहान गट आणि मुंबईतले दहा चाकरमानी यांनाही हा विचार लहान मापात वापरता येतो. पुस्तकातलं एक अख्खं प्रकरण भागीदारी, एलएलपी, खाजगी कंपनी, सहकारी संस्था आणि उत्पादक कंपनी यांतलं कुठे काय जमतं, यावर आहे.

सरकारी मदतीची दारं आज पूर्वीपेक्षा अधिक उघडी आहेत. केंद्राने 2020 मध्ये सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी आणलेल्या योजनेत प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपयांपर्यंत कर्जाशी जोडलेलं अनुदान आहे आणि बचत गटाच्या सभासदाला 40,000 रुपयांपर्यंत बीजभांडवल आहे. त्याच वर्षी आलेल्या कृषी पायाभूत सुविधा निधीत 2 कोटींपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याजसवलत आहे. या योजनांमुळे कित्येक युनिट उभी राहिली. वाचकाला एकच विनंती आहे की अनुदान मिळतं म्हणून यंत्र मोठं घेऊ नये. अनुदान मुख्यतः उभारणीचं ओझं हलकं करतं. मे महिन्यात फाटकाशी आलेल्या टेम्पोला रोख पैसे द्यायची सोय आपल्यालाच करावी लागते.

धोके मी झाकून ठेवणार नाही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं आणि रायगड, मंडणगड, दापोलीकडच्या बागा मुळासकट आडव्या झाल्या. वर्ष पुरतं सरायच्या आत, मे 2021 च्या मध्याला, तौक्ते आलं आणि ऐन हंगामातला आंबा झाडाखाली पडला. थंडी लांबली, अवकाळी पाऊस झाला, मोहोरावर तुडतुडे आणि थ्रिप्स आले की एखाद्या वर्षी पीक निम्म्यावर येतं. स्पर्धा बाहेरचीही आहे. देशातल्या आंबा रसाचे मोठे कारखाने आंध्रातल्या चित्तूर आणि तमिळनाडूतल्या कृष्णगिरी भागात आहेत. तिथला तोतापुरीचा रस स्वस्त पडतो आणि तो हापूसच्या नावाखाली मिसळण्याचा मोह धंद्यात आहे. 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, वेंगुर्ल्याच्या काजूला आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला ते त्याआधीच मिळालं होतं. मानांकनाने नाव राखता येतं, पण ते राखायचं तर प्रत्येक डब्यातला माल आपल्यालाच खरा ठेवावा लागेल. ज्या युनिटमध्ये मिसळ होते तिथे नफा कितीही दिसला तरी पैसा घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

निसर्गाच्या लहरीवरचा एक उपाय कोकणाच्या मातीतच आहे. एका फळावर राहू नये. फेब्रुवारी-मार्चपासून काजूचे बोंडू येतात. गोव्यात त्यांची फेणी होते आणि तिला 2009 मध्येच मानांकन मिळालं. इकडे सिंधुदुर्गात मात्र बी काढून घेतल्यावर झाडाखाली बोंडूंचा खच पडतो. घसा खवखवणारा तुरटपणा काढला की त्याचं सरबत उत्तम होतं. एप्रिल-मेमध्ये रातांबे, मग कॅनिंगचा आंबा, करवंदं, जांभळं, जूनपर्यंत बरका आणि कापा फणस, हिवाळ्यात आवळा. पल्पर, केटल, सुकवणी यंत्र थोड्याफार फरकाने यांतल्या बहुतेकांना चालतं. सहा आठवड्यांचा हंगाम सात-आठ महिन्यांचा झाला की हप्ता हलका होतो, बायांना काम टिकतं आणि एका वादळाने युनिट मोडत नाही.

गुंतवणूकदारासाठी आणखी एक सावधगिरी आहे. नव्वदच्या दशकात सागवानाच्या आणि फळबागांच्या योजनांत कित्येक मध्यमवर्गीय घरांनी पैसे घातले. दहा-वीस वर्षांनी लाखो मिळतील असं छापील कागदावर लिहून दिलेलं होतं. त्यांतल्या बऱ्याच कंपन्या बुडाल्या आणि 1999 मध्ये सेबीला सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम करावे लागले. फळाच्या धंद्यात ठरावीक परताव्याची हमी देणारा माणूस धंदा तरी जाणत नाही किंवा खरं तरी बोलत नाही. तसंच, परवानगीशिवाय गावकऱ्यांकडून ठेवी गोळा करून युनिट चालवणं हा गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी.

मग पैसा घालण्याआधी काय पाहावं? ऑफिसात बसून ताळेबंद वाचण्याआधी मे महिन्यात एक आठवडा युनिटवर जावं आणि चार गोष्टी विचाराव्यात. गेल्या हंगामात रोकड कोणत्या तारखेला संपली? मागच्या वर्षीचा किती माल गोदामात पडून आहे? फळ कुणाच्या बागेतून येतं आणि तो बागायतदार किती वर्षं इथेच देतो? त्याला पैसे किती दिवसांत मिळतात? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मालकाकडून घेऊ नये, बागायतदाराच्या ओसरीवर बसून घ्यावं. ज्या युनिटचे शेतकरी दरवर्षी परत येतात, तिथे पैसा सुरक्षित असल्याची निम्मी खात्री पटते.

पुस्तकाचे तीन भाग केले आहेत. पहिल्यात फळानुसार प्रक्रिया, तिचा खर्च आणि हंगामाचं वेळापत्रक आहे. दुसऱ्यात भांडवल उभं करण्याचे मार्ग, करारांचे नमुने आणि खेळत्या भांडवलाचा महिन्यागणिक तक्ता आहे. तिसरा भाग वितरणाचा आहे. घाई असेल त्यांनी दुसरा भाग आधी वाचला तरी चालेल. बागायतदार, युनिट चालवणाऱ्या बायका, टेम्पोवाले, वितरक, विद्यापीठातले शास्त्रज्ञ यांनी वेळ दिला, हिशेबाच्या वह्या विश्वासाने उघडून दाखवल्या. त्यांची नावं छापू नयेत अशी त्यांतल्या अनेकांची इच्छा होती. त्यांचा मी ऋणी आहे.

काकी आता नाही. तिच्या वाडीतल्या सात बायकांनी दोन वर्षांपूर्वी गट केला. सुकवणीला प्लास्टिकचं छत घातलं, त्यामुळे वळवाची भीती गेली. वाडीतल्या चार चाकरमान्यांनी मिळून त्यांना थोडं भांडवल दिलं. अट एकच होती, जूनमध्ये माल विकायचा नाही. त्या पैशातून बायकांनी रातांबे देणाऱ्या घरांना त्याच दिवशी रोख दिले आणि स्वतःची मजुरीही उचलली. गेल्या गणपतीत मी गावी गेलो तेव्हा माजघरात सोलांचे डबे भरून ठेवलेले होते. बाजारात दर थोडा चढला होता. मी विचारलं, "आता विकत का नाही?" त्यांतली सगळ्यांत वडील बाई डब्याचं झाकण घट्ट बसवत म्हणाली, "दिवाळीपर्यंत थांबतलव."